नाथाजी पैलवानांचा पितळी पेला

मी पेला आहे, पितळेचा, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. अर्धा लिटर दूध माझ्यात सहज मावतं, उगीच नाही सांगत! कुंडलच्या मैदानात नाथाजी पैलवानांनी कुस्ती मारली आणि बक्षीस म्हणून मी त्यांच्या घरी आलो. मिरजेचे कुतुबुद्दीनचाचा दरवर्षी मला कल्हई करताना म्हणायचे, "पैलवान, ह्यो पेला हाय का घागर?" काय दिवस होते ते, मित्रांनो!

पुढे नात झाली, क्रांती. तिला आखाड्यात उतरवायची पैलवानांना भारी हौस. पण अकरावं लागलं तरी पोर वर्गात सगळ्यांत बुटकी. पाय दुखायचे, गुडघे आत वळलेले, चालताना लंगडायची. पैलवानांकडे औषध एकच. सकाळ-संध्याकाळ मला म्हशीच्या दुधाने काठोकाठ भरायचे.

"आबा, न्हाई जात वं," ती रडवेली व्हायची.

"संपव! हाडं लोखंडावानी हुतील."

मला तर अभिमान वाटायचा. डोंबलाचा अभिमान!

एकदा अंगणात साधी ठेच लागली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यातही दूध पाजायला पैलवानांनी मला पिशवीत घालून नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिची मूत्रपिंडं नीट चालत नाहीत. त्यामुळे दुधातला फॉस्फरस रक्तात साठतो आणि हाडं पोखरतो. आजार दुधाने झाला नाही, बाबा. पण आता दूध मोजूनच द्यायचं."

घरी येऊन पैलवानांनी मला फळीवर पालथं घातलं. "म्या माज्या हातानं पाजलं गं," म्हणून ते ढसाढसा रडले. वर्षभर मी काळवंडत पडून होतो. खाली क्रांती पुन्हा चालायला शिकत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

मग एका दुपारी तिनेच विचारलं, "आबा, माजा पेला कुटं हाय?" पैलवानांनी मला फळीवरून उतरवून लख्ख घासलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे पाय सतत दुखत असतील, उंची खुंटली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. माया करावी, पण विचारून करावी. आम्हाला हे उशिरा कळलं.

क्रांतीचे गुडघे अजून थोडे वाकडेच आहेत, पण ती शाळेत चालत जाते. जेवणातला फॉस्फरस अडवणाऱ्या, जेवणासोबतच घ्यायच्या तिच्या गोळ्या आता दुधाऐवजी माझ्यात असतात. ताट वाढलं की पैलवान मला तिच्यापुढे धरतात.

"डॉक्टरीणबाईंनी किती सांगितल्यात, पोरी?"

"दोन, आबा."

ते दोनच मोजून देतात आणि अगदी हळू म्हणतात, "संपव."