कोंबडा न मिळालेली स्टेपनी

मी एक जुनी स्टेपनी आहे. वापरून वापरून जुनी झाले असते तर माझी काही तक्रार नव्हती. मी नुसती टांगून जुनी झाले. मित्रांनो, तुमच्याशी गोड बोलावं असं मलाही वाटतं, पण आज ते जमणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे. का, ते ऐका.

मिंदानाव बेटावरच्या मळ्यात रबराच्या झाडांना चिरा मारून माझा चीक काढला. कारखान्यात मला तापवलं, दाबलं, साच्यात कोंबलं. ते सगळं मी निमूट सोसलं, कारण पुढे रस्त्यावर धावायला मिळेल अशी आशा होती. मग पनाय बेटावरच्या तासियोने नवी जीपनी, म्हणजे उतारू नेणारी लांब जीप, बांधून घेतली आणि पाच टायर आणले. त्यातली पाचवी मी. आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला मानोंग म्हणतात आणि बाईला मानांग, म्हणून सगळे त्याला मानोंग तासियो म्हणायचे.

गाडी घरी आली त्या दिवशी पाद्रीबाबांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. ते गेल्यावर तासियोच्या सासूबाईंनी पांढरा कोंबडा कापला आणि त्याचं रक्त चारही चाकांना फासलं, म्हणजे गाडी पुढे माणसाचं रक्त मागणार नाही. मी तेव्हा पंक्चरवाल्याकडेच पडले होते, माझ्यात ट्यूब भरायची राहिली होती. संध्याकाळी मला आणलं, तोवर कोंबडा रश्श्यात गेला होता.

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"याला रक्त लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे चाक गाडीखाली गेलं की आपलं आपण मागून घेईल. सांगून ठेवते."

"मग उद्या एक कोंबडा कापू," तासियो म्हणाला.

तो उद्या काही उगवला नाही. मला ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेर टांगलं. माझ्या तोंडावर चकचकीत पत्र्याचं झाकण आलं. त्यावर बाळ येशूचं चित्र आणि तासियोच्या लेकरांची नावं. रोज सकाळी तो फडक्याने ते झाकण लखलखीत पुसायचा. लोक कौतुक करायचे, आणि तासियोची छाती फुगायची. आत माझी हवा दर महिन्याला थोडी थोडी जात होती, पण टांगलेल्या चाकावर भार नसतो. हवा असो वा नसो, ते गोलच दिसतं. झाकणाखाली मी मरत होते आणि वरून माझं कौतुक चाललं होतं. या अपमानाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

माझ्या जागेवरून मी किती टायर आले आणि गेले ते पाहिलं. खालच्या गावांत पावलोपावली पंक्चरवाले, त्यामुळे तासियोचं निभावत गेलं. माझ्याकडे हात करायची वेळच आली नाही.

ती आली दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी, डोंगरातल्या रस्त्यावर. गाडी खचाखच भरली होती. तासियोच्या मागे, बाकाच्या टोकाला मानांग लुमिंग बसली होती. तिच्या मांडीवर इबोसचं गाठोडं होतं, नारळाच्या पानांत गुंडाळून शिजवलेला चिकट भात. तिची लेक मारिसेल त्या दिवशी बंदरावरून बोटीने मनिलाला आणि तिथून आखातात घरकामाला निघाली होती. करार तीन वर्षांचा.

"मी तिला भलतंच बोलले हो," लुमिंग शेजारणीला सांगत होती. "जायचं तर जा, म्हटलं, पण मग मला आई म्हणू नकोस. तेव्हापासून ती एजंटाकडेच राहिली. आज तिला तोंडावर सांगायचंय की रागात बोलले. फोनवर सांगायला जीभ रेटत नाही."

"सांगाल की. बोट दुपारची आहे," शेजारीण म्हणाली.

तेवढ्यात मागचं चाक फुटलं. खिळा नव्हता, काही नव्हतं. टायर घासून कागद झाला होता. गाडी कडेला लागली. त्या वळणावरून खाली बंदर दिसत होतं, धक्क्याला लागलेली पांढरी बोटही दिसत होती. आसपास ना घर, ना पंक्चरवाला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली होती.

लुमिंग खाली उतरली. "मानोंग, स्टेपनी आहे ना? लावा की पटकन."

तासियो डोकं खाजवू लागला. "आहे हो, पण तिला कोंबडा दिलेला नाही."

"म्हणजे?"

"रक्त लागलेलं नाही तिला. अशी लावली आणि पुढे दरीत गेलो तर? एवढी माणसं आहेत. मागून येणाऱ्या गाडीची वाट बघू."

"ती संध्याकाळी येते, मानोंग."

गाडीत एकाकडे कोंबडा होता, डेल्फिन नावाच्या माणसाचा, झुंजीचा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डेल्फिनने तो शर्टाखाली घेतला.

"याच्याकडे बघू नका," तो म्हणाला. "बायकोपेक्षा जास्त खाऊ घातलंय मी याला."

"बायकोला ठाऊक आहे ते," एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. लुमिंग हसली नाही. तिने गाठोड्यातून पानं कापायची छोटी सुरी काढली आणि कोणी काही बोलायच्या आत आपल्या अंगठ्यावर ओढली. मग माझ्यापाशी आली आणि रक्ताळलेला अंगठा माझ्या रबरावर घासला, वरून खालपर्यंत.

"झालं? माणसाचंच हवं होतं ना हिला? मिळालं. आता लाव."

तिने मानोंगही म्हटलं नाही. तासियो खाली मान घालून पान्हा घेऊन आला. चौघांनी मिळून मला उतरवलं, जॅक लावला, नट आवळले. मग जॅक खाली घेतला, आणि गाडी माझ्यावर बसली. मी भाकरीसारखी चपटी झाले.

तासियोने मला लाथ मारली. मला! जिने त्याचं काही घोडं मारलं नव्हतं, जिच्यात त्याने इतक्या वर्षांत एकदा फुंकरसुद्धा घातली नाही, तिला. मला कधीच रक्त नको होतं, मित्रांनो. मला हवा हवी होती. एका आईचं रक्त माझ्या अंगावर वाळत होतं आणि तिच्यासाठी मला एक हात पुढे सरकता येत नव्हतं.

लुमिंग चालत निघाली, पण पुढच्या वळणाशीच थांबली. खाली बोटीने भोंगा दिला आणि धक्का सोडला. तिने डोक्याचा रुमाल काढून हलवला, खूप वेळ हलवला. एवढ्या लांबून तो कोणाला दिसणार होता? मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि इबोसचं गाठोडं उराशी धरून रडली.

पुढच्या रविवारी तासियोने काय केलं असेल? कोंबडा आणला. माझ्यापुढे कापला, मला यथासांग रक्त फासलं आणि "आता भागलं तिचं" असं गल्लीभर सांगितलं. पुन्हा झाकण बसलं. हवा? हवेचं नाव नाही.

काल लुमिंग थांब्यावर आली. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हिच्यात हवा आहे का?" तिने विचारलं.

"कोंबडा दिलाय, मानांग. पांढरा."

"मी हवेचं विचारतेय."

तासियो फडक्याने माझं झाकण पुसू लागला. लुमिंग चढली नाही. पायरीपाशी नुसती उभी राहिली. मग आतून शेजारीण उतरली, तो म्हातारा उतरला, डेल्फिन कोंबड्यासकट उतरला. गाडी रिकामी झाली. तासियोने शिव्या पुटपुटत मला काढलं आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे ढकलत नेलं.

पंक्चरवाल्याने नळी लावली. माझं अंग भरत गेलं, ताठ झालं. मित्रांनो, तुमच्या दारातल्या गाडीलाही माझ्यासारखी एक असेल; आज जाऊन तिची हवा बघा. फार वेळ लागत नाही. तासियोने पेटवलेली विडी अर्धीसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात माझ्यात हवा भरून झाली. लुमिंग समोर उभी राहून ते बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.