बायनाबाईंच्या लॅपटॉपमधलं मुकं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं वायरलेस कार्ड आहे, आणि ज्यांची मी इतकी वर्षं सेवा केली त्यांनी मला एकदाही पाहिलेलं नाही. तक्रार नाही. तुम्ही तरी आपलं काळीज कुठे पाहिलंय?

आकाराने मी प्रसादाच्या बर्फीएवढा, पण चपटा. लॅपटॉपच्या पोटात एका स्क्रूने मला जखडून ठेवलं आहे. माझ्यापासून एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक तारा पडद्याच्या कडेने वर जातात. तेच माझे कान, आणि तेच माझं तोंड. हवेतलं बोलणं मी ऐकतो आणि हवेतच बोलतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, एकाच दिवशी हजारो भावंडांबरोबर. बारशाला कुणी आलं नाही. नाव म्हणून बारा आकडे-अक्षरं चिकटवली आणि खोक्यात भरलं.

वनमाला बीडला नर्सिंग शिकत होती तेव्हा मी तिच्याकडे आलो. तिचे धडे, तिचे निकाल, मग तिची जर्मन भाषा, सगळं मीच हवेतून ओढून आणलं. त्या भाषेत चमचा पुरुष आणि काटा बाई, हे तिला कळलं त्या दिवशी ती एकटीच खूप हसली. मी ते हसणं ऐकलं. एवढ्यावर माझं वर्षभर भागायचं.

दोन वर्षांपूर्वी ती जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला गेली, आणि लॅपटॉप धारूरला आईकडे ठेवून गेली. तिची आई म्हणजे बायनाबाई. शाळेत खिचडी शिजवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि साखर उतरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. साखरेला घाई नाही.

दर रविवारी दुपारी चारला बायनाबाई धुतलेलं लुगडं नेसून पडद्यासमोर बसत. शेजारच्या रामेश्वररावांची इंटरनेटची पेटी मधल्या भिंतीलाच टांगलेली होती. मी तिला हाक मारायचो, ती पुढे हाक द्यायची, आणि वनमालाचं तोंड परातीएवढं होऊन घरात यायचं. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. अर्थात, कौतुक लॅपटॉपचं व्हायचं.

मग लॅपटॉप म्हातारा झाला. चालू व्हायला लागला की बायनाबाई चहा ठेवून, पिऊन, कप धुऊन येत. दसऱ्याच्या आधी त्यांनी तो बसस्टँडजवळच्या लखनच्या मोबाईल दुकानात नेला.

"मावशी, ह्याच्यात दुसरी सिस्टिम टाकतो," लखन म्हणाला. "फुकट हाय. जगातल्या लोकांनी मिळून बनवली. कुणाची मालकी न्हाई."

"कुणाचीच न्हाई, तर बिघडल्यावर कुणाकडं जायाचं?" बायनाबाईंनी विचारलं.

लखन हसला. त्याने लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला.

नवी सिस्टिम आली आणि मी मुका झालो. मित्रांनो, माझ्या अंगात ताकद आहे, पण दर वेळी चालू होताना कुणीतरी माझ्या कानात एक मंत्र सांगावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो नव्या सिस्टिमबरोबर आला नव्हता. तो इंटरनेटवर होता, आणि इंटरनेटवर जायला मी पाहिजे होतो. विहिरीत पडलेला दोर काढायला तोच दोर हवा, तशी गत.

लखन हुशार. त्याने आपला मोबाईल वायरने जोडला, मंत्र मागवला आणि माझ्या कानात फुंकला. एकदम बाजार भरल्यासारखे आवाज आले! सतरा नेटवर्क! एक लॉजचं, एक पप्पूशेठचं, आणि एकाने तर आपल्या नेटवर्कचं नावच 'मागू नका' ठेवलेलं. मी सगळ्यांना नमस्कार केला. कुणी घरात घेतलं नाही, पण माणसांत आल्यासारखं वाटलं.

घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी निघाली. बायनाबाईंनी विळी, उलथनं आणि खिचडीचा जुना डाव मांडला, त्यांच्या शेजारी पाटावर लॅपटॉप ठेवला. पुढच्या काठाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. संध्याकाळी ओल्या पदराने सगळं कसं स्वच्छ पुसलं.

त्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढं एक सरकतं बटण आहे. मला चालू-बंद करण्याचं. पदराबरोबर ते सरकलं, आणि खाचेत ओलं कुंकू बसून वाळलं.

माझी एवढी पूजा आजवर कुणी केली नव्हती, आणि माझा आवाजही असा कुणी बंद केला नव्हता.

रविवारी चार वाजले. मला भिंतीवरची पेटी ऐकू येईना. गावच उठून गेल्यासारखं झालं.

लखन आला. त्याने काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहिलं. मी लगेच उत्तर दिलं, 'बाहेरचं बटण बंद आहे.' पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत, तिसऱ्या ओळीत. लखनने ते न वाचताच पडदा वर सरकवला. त्याने सिस्टिम काढून मंत्रासकट परत टाकली. मी परत तेच सांगितलं. दिवाळीनंतर त्याने तिसऱ्यांदा टाकली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मदत मागणाऱ्याचं म्हणणं वाचायचं नाही, हे कौशल्य मोठ्या हापिसांतच असतं असा माझा समज होता.

बायनाबाईंकडे बटणांचा साधा मोबाईल. त्यावर वनमालाचा फोन यायचा. "मी मजेत आहे, आई." प्रत्येक रविवारी तेच शब्द, त्याच क्रमाने. रामेश्वररावांच्या मोबाईलवर एकदा बघून झालं. त्यात पोरगी हरभऱ्याएवढी दिसली.

"आवाजाचं काय," बायनाबाई त्यांना म्हणाल्या, "आवाज खोटं बोलतो. लेकरू वाळलंय का, ते तोंडावर दिसतं. कावून दिसंना मला?"

तरी रविवारी चारला त्या लॅपटॉप उघडून समोर बसायच्या. धुतलेलं लुगडं, रिकामा पडदा. अर्ध्या तासाने झाकण लावायच्या. झाकणाच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी. दोघांनाही एकाच घराला हाक द्यायची होती आणि दोघांनाही ती देता येत नव्हती. असे चौदा रविवार गेले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी लखन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. "मावशी, कार्ड गेलं. काढून टाकू. दुसरं बघू कवातरी."

माझा स्क्रू एक वेढा फिरला. खरं सांगतो, मला फार वाईटही वाटलं नाही. मुक्याने जागा अडवून काय करायचं?

रामेश्वरराव दारात उभे होते. वीज खात्यात तीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेला माणूस.

"थांब बे," ते म्हणाले. "लाइट गेली म्हणून फोन आला की मी आधी काय इचारायचो?"

"काय?"

"मेन स्विच चालू हाय का? निम्म्या येळा खांबावर चढायची पाळीच येत न्हाई."

"काका, हा काम्पुटर हाय. खांबावरची डीपी न्हाई."

"वीज तीच हाय ना?" रामेश्वररावांनी लॅपटॉप हातात घेतला आणि काठावरून अंगठा फिरवत गेले. अंगठा थांबला. त्यांनी आगपेटीतली काडी काढून खाच कोरली. लाल भुकटी त्यांच्या तळहातावर पडली.

"आक्का, हे काय?"

बायनाबाईंनी हात जवळ नेऊन बघितला. "कुंकू हाय की."

टक् आवाज करत बटण सरकलं. लखनने माझा स्क्रू परत आवळला. लॅपटॉप चालू झाला, मंत्र कानात आला, आणि भिंतीपलीकडून पेटीने ओ दिली.

चार वाजता वनमाला पडद्यावर आली. परातीएवढी.

अंगावर दोन स्वेटर. गालांची हाडं वर आलेली. पूर्वी तिच्यामागे केरळची मैत्रीण लिली भात शिजवताना दिसायची. आता मागे नुसती पांढरी भिंत होती.

"मी मजेत आहे, आई," वनमाला म्हणाली.

बायनाबाई पडद्याला नाक टेकेल एवढ्या जवळ गेल्या. "लिली कुठं हाय?"

"तिची बदली झाली. दसऱ्यालाच."

"मंग तवापासून तू एकली जेवतीस?"

वनमालाने तोंड बाजूला वळवलं, मग परत समोर आणलं.

"बोल की आई."

"थांब. बघू दे मला."

त्यानंतर वीस मिनिटं दोघी काहीच बोलल्या नाहीत. एक बघत होती, दुसरी बघू देत होती. मित्रांनो, मी नकाशे वाहिले, निकाल वाहिले, जर्मन चमचे-काटे वाहिले. पण त्या वीस मिनिटांची शांतता मी दोन्हीकडे जितकी जपून नेली, तितकं दुसरं काही नेलं नाही. एक कण सांडू दिला नाही.

आता रविवारीच नाही, रोज सांजच्याला लॅपटॉप उघडतो. तिकडे ती दुपारचं जेवते, इकडे बायनाबाई भाकरी मोडतात. झाकण उघडण्याआधी त्या काठावरून अंगठा फिरवून बटण चाचपतात, नाडी बघावी तसं.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. खंडेनवमीला आमची पूजा जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं. पण पुसून झाल्यावर एकदा बटण बघा. आणि कुणी मुकं झालं, तर त्याचा स्क्रू काढण्याआधी त्याची तिसरी ओळ वाचा.