धुराएवढी शिक्षा

त्या सकाळी महरिताने नेहमीप्रमाणे आधी खिडक्यांवरची ओली फडकी बदलली. कालिमंतानमधल्या त्या नदीकाठच्या गावाला जळत्या रानांच्या धुरामुळे महिनाभर सूर्य नीट दिसला नव्हता. शाळा बंद होत्या, पण बाजार चालू होता. तिचा नवरा इस्कंदर खोकत खोकत खारवलेल्या माशांच्या पाट्या होडीत चढवत होता.

"आज तरी घरी थांबा," ती म्हणाली.

"मी थांबलो तर मासे काय आपले आपण बाजारात जाणार?" तो हसला, आठ महिन्यांच्या राइहानाच्या गालाला बोट लावले आणि गेला.

दुपारी राइहानाने दूध सोडले. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. महरिता तिला उराशी धरून दवाखान्यात धावली. तिथल्या ओसरीवर तशाच पंधरा-वीस आया बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी हाताशी होते ते सगळे केले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्या इवल्याशा छातीची हालचाल थांबली.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी वकील घरी आले.

"आग लावणारा सापडलाय," ते म्हणाले. "तुम्ही फक्त मुलीबद्दल सांगायचं. रडू आलं तर आवरू नका. मी सहा वर्षं मागणार आहे."

महरिताला त्या माणसाचे तोंड बघायचे होते. शिव्याशाप तिने मनात केव्हाच जुळवून ठेवले होते.

कोर्टात तिने पाहिले तो एकसष्ट वर्षांचा, हडकुळा शेतकरी निघाला. दायाक जमातीतला, नाव देहेन. पायांत कुणाचे तरी मागून आणलेले बूट होते, ते टाचेला सैल होत होते. मागच्या बाकावर त्याची बायको तियुन बसली होती.

"रान जाळायला बंदी असल्याचा हुकूम ऐकला होता का?" न्यायाधीशांनी विचारले.

"ऐकला होता साहेब. पण हुकूम पेरून भात उगवत नाही." कुणीतरी हसले. देहेन हसला नाही. "आमच्याकडे रान जाळूनच पेरतात. चारी बाजूंनी गवत काढलं, शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन उभे राहिले. जेवणं झाल्यावर लावली, दिवस मावळायच्या आत विझली. पाऊण एकर रान."

"म्हणजे गुन्हा कबूल?"

"आग मी लावली. ते नाही कसं म्हणू?"

मग महरिताला बोलावले. तिने राइहानाचे दूध सोडणे सांगितले, तिसरी दुपार सांगितली. वकिलांनी मान डोलावली. नेमके तेव्हाच तिचे देहेनकडे लक्ष गेले. तो मान खाली घालून रडत होता.

"बाबा," तिने विचारले, "तुमची आग कोणत्या दिवशी होती?"

"साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात," न्यायाधीश म्हणाले.

पण देहेनने उत्तर दिले होते. "सोळा ऑगस्टला, पोरी. एकच दुपार."

महरिता बोटांवर दिवस मोजू लागली. माझी मुलगी गेली सप्टेंबरच्या अखेरीला. धूर होता बावन्न दिवस. कालव्यापलीकडे तेलताडाच्या कंपनीची पाला-मुळ्या कुजून बनलेली जमीन आतल्या आत आठवडेच्या आठवडे जळत होती, ते होडीवाले सगळेच बघत होते. इस्कंदर रोज येऊन सांगायचा. ही सगळी बेरीज तिच्या मनात पहिल्यांदाच झाली.

"साहेब, यांना शिक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण यांच्या धुराएवढी द्या. उरलेला धूर ज्यांचा आहे त्यांनाही इथे उभं करा. माझी अख्खी मुलगी या एकट्या माणसाच्या नावावर मांडू नका."

"बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या साक्षीदार आहात!" वकील दबक्या आवाजात खेकसले.

"मी राइहानाच्या बाजूची आहे."

देहेनला चार वर्षांची शिक्षा झाली. 'लोकांच्या जीविताला धोका' एवढेच निकालपत्रात होते. कुणामुळे किती, याचा शब्द नव्हता. त्याच आठवड्यात कंपनीला लेखी समज मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर तियुनने महरिताचा हात धरला. "पोरी, आमच्यासाठी बोललीस."

"तुमच्यासाठी नाही, मावशी," महरिता म्हणाली. दोघी तिथेच बसून रडल्या.

दुसऱ्या वर्षी देहेनच्या गावात भीतीने एकानेही रान पेटवले नाही. निम्मी शेते पडून राहिली. देहेन-तियुनचे शेत त्यातच होते. आणि ऑगस्टच्या शेवटी धूर आला. तोच पिवळा, घशाला चिकटणारा धूर.

तियुन देहेनला तुरुंगात भेटून थेट महरिताकडे आली.

"रात्रंदिवस खोकतात गं. त्यांच्या खोलीला खिडकी आहे, पण झाकायला फडकं नाही. मला म्हणाले, 'तियुन, बघ हं, या खेपेला मी नाही.' आणि हसले."

महरिताने ओढणी घेतली. दोघी सरकारी वकिलांच्या कचेरीत गेल्या. साहेब बैठकीला गेले होते. कारकून नाकाला रुमाल लावून बसला होता.

"तक्रार लिहून घ्या," महरिता म्हणाली. "गावात धूर आहे. पोरं घुसमटताहेत."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"गेल्या वर्षी तुम्हाला लगेच नाव सापडलं होतं. तो माणूस आत आहे. मग आता हा धूर कुणाचा?"

"असं बिननावाचं नाही लिहिता येत, ताई."

"मग नाव शोधा. सापडेपर्यंत मी इथं बसते. उद्याही येईन, परवाही येईन."

ती बाकावर बसली. तियुन तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने दारात आणखी एक बाई आली, कडेवर खोकणारे मूल घेऊन. ती बाकाच्या कडेला टेकली.

कारकून उठला. धूर आत येत होता म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. तिघींकडे बघत तो खाली बसला आणि एक कोरा कागद पुढे ओढला.