रागीट कागदांचा खण

कुशाबा जगदाळ्याचा हात मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. ठाकूरद्वारच्या राजलक्ष्मीबाईंची हिलमन तो नऊ वर्षं चालवत होता, आणि नऊ वर्षांत त्याच्या चाकाखाली साधी कोंबडी आली नव्हती. गिरगावातल्या गल्लीबोळांतून तो गाडी अशी काढायचा की मागे बसलेल्या बाईंच्या विणकामाचा एक टाका चुकायचा नाही. पण माणूस लालबागचा, आणि साल सत्तावन्न. त्या साली लालबागेत कुणाचं डोकं ठिकाणावर होतं, ते मला दाखवा.

जानेवारीत बाई आपल्या मुलीकडे, बेबीताईंकडे, निपाणीला निघाल्या. जावई तिथे तंबाखूच्या वखारीवर मॅनेजर होते. कोल्हापूरपर्यंत सगळं झकास. कागल मागे पडलं आणि पुढे रस्त्याच्या कडेला एक नवी कोरी पाटी दिसली. रंगसुद्धा अजून वाळला नसेल. त्या पाटीवर लिहिलं होतं, इथून म्हैसूर राज्य सुरू.

झालं! कुशाबाच्या मस्तकात तिडीक गेली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत निपाणी आपल्याच राज्यात होती. कुणीतरी दिल्लीत बसून रेघ ओढली आणि बेळगाव, कारवार, निपाणी सगळं तिकडे ढकललं. "या पाटीला मी मानत नाही," तो दातओठ खात पुटपुटला, आणि पाय दाबला. बाई मागून म्हणाल्या, "कुशाबा, हळू रे!" पण रागाला कान असते तर मग काय हवं होतं? गाडी उधळली ती थेट निपाणीच्या वेशीत. तिथे ताशी वीस मैलांची हद्द, आणि काटा बेचाळीसवर.

वेशीत एका झाडाखाली एक पोलीस घड्याळ घेऊन उभा होता आणि फर्लांगभर पुढे दुसरा. पहिल्याने रुमाल हलवला, दुसऱ्याने शिट्टी फुंकली. हा दुसरा हवालदार चांगला मिशाळ आणि अस्सल मराठी बोलणारा निघाला. कुशाबाने लगेच भाषण सुरू केलं, की निपाणी आमची, रस्ता आमचा, तुम्ही आमचे, मग दंड कसला?

"आरं बाबा, मी बी मराठीच की," हवालदार म्हणाला. "पण पोरं शाळंतनं सुटायची वेळ हाय ही. ती बी मराठीच हाईत. काढ लायसन."

लायसन त्याने ठेवून घेतलं आणि पावती फाडून दिली. तोवर हिच्यावर गाडी चालव, समन्स घरी येईल म्हणाला. परतीच्या वाटेवर बाई विणकामातले चुकलेले टाके उसवत बसल्या, आणि कुशाबाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता गंमत अशी, की त्याच महिन्यात कुशाबाने बेस्टमध्ये ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज टाकला होता. खाकी वर्दी, पक्की नोकरी, म्हातारपणी पेन्शनीचा नाही तरी फंडाचा आधार. बायको अंबिका तर ती वर्दी कोणत्या दोरीवर वाळत घालायची तेही ठरवून बसली होती. बाईंनीच अर्ज करायला लावला होता. "मी आता पासष्टीची झाले, माझ्यामागे गाडी विकतील. तू आपली सोय बघ," असं त्या म्हणाल्या होत्या. परीक्षेचं पत्र आलं, मार्चअखेरची तारीख. खाली स्पष्ट लिहिलेलं, की लायसन सोबत आणावं आणि त्यावर कोर्टाचा शेरा नसावा. आणि लायसन पडलं होतं तिकडे, तालुक्याच्या कोर्टात.

पाठोपाठ समन्स आलं. ते घेऊन कुशाबा गेला बाबुरावांकडे. बाबुराव म्हणजे चाळीचे कायदेपंडित. गिरणीच्या ऑफिसात कारकून, पण चाळीतला एकही अर्ज त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पोस्टाची पेटी बघायचा नाही. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी एक डालड्याचा डबा टांगला होता. जो कुणी त्या मुलखाला 'म्हैसूर राज्य' म्हणेल त्याने डब्यात एक आणा टाकायचा. तो आणा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या झेंड्यांना. नियम इतका कडक, की शेजारच्या राधाबाईंनी नातवाच्या बारशाला 'म्हैसूरपाक' म्हटलं तर त्यांना दोन आणे पडले. एक शब्दाचा, आणि एक वाद घातल्याचा. तेव्हापासून चाळीत त्या मिठाईला 'तुपातली बेसनवडी' म्हणत.

समन्समध्ये सरळ लिहिलं होतं, की अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर गुन्हा कबूल असल्याचं रजिस्टर पत्र पाठवा. बाबुरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कबूल? कशाचं कबूल?" ते कडाडले. "कबूल केलंस म्हणजे निपाणी त्यांची, हे कबूल केलंस! कुशाबा, हा तुझा दंड नाही रे, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पण बाबुराव, माझं लायसन..."

"लायसन वाजतगाजत परत येईल!"

आणि त्यांनी पत्र लिहिलं. काय पत्र होतं म्हणून सांगू! चार पानं. आपलं कोर्ट आमच्या मुलखात बेकायदा बसलं आहे, आपल्याला आम्हांस बोलावण्याचा अधिकार नाही, सबब लायसन उलट टपाली पाठवून माफी मागावी. खाली चाळीतल्या एकतीस जणांच्या सह्या, त्यातले सहा अंगठे. राधाबाईंनीही शाई लावून अंगठा उमटवला. एवढी माणसं आपल्यासाठी उभी राहिलेली पाहून कुशाबाला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर लायसनची धास्तीही वाटली. पण एकतीस जणांसमोर 'नको' म्हणायला जीभ उचलत नाही. त्याने सही केली.

पत्र गेल्यावर आठ दिवसांनी त्याने गाडी पुसता पुसता बाईंना सगळं सांगितलं. बाईंचे सासरे हायकोर्टात वकील होते, घरात कायद्याची पुस्तकं भिंतभर. बाईंनी विणकाम खाली ठेवलं.

"अरे मूर्खा," त्या म्हणाल्या, "कोर्टाला माफी मागायला लावतोस? हा कोर्टाचा अपमान झाला. वॉरंट निघेल तुझ्यावर. आणि लायसन विसर आता."

कुशाबाच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी त्याला तीन दिवसांची रजा दिली आणि म्हणाल्या, तारखेला स्वतः जाऊन उभा राहा, खरं काय ते सांग, आणि तोंड आवर. अंबिकाने भाकऱ्या बांधून दिल्या. "अवं, तिथं भाषण देऊ नगा," एवढंच ती म्हणाली, पण तिचे डोळे लाल होते.

चाळीत कुणाला न सांगता कुशाबा निघाला. एकतीस सह्या मागे ठेवून आपण चोरासारखे कबुली द्यायला चाललोय, हे त्याला सारखं टोचत होतं. एसटीतून ती पाटी पुन्हा दिसली. या वेळी त्याने मान खाली घातली.

कोर्टात सकाळी दहाला तो व्हरांड्यात उभा राहिला. वॉरंटवाला शिपाई आत्ता येईल, मग येईल, असं त्याला वाटत होतं. शिपाई आला खरा, पण म्हणाला, "लालबागचे तुम्हीच का? शिरस्तेदार बोलावतात."

शिरस्तेदार म्हणजे कोर्टातले मुख्य कारकून. चन्नबसप्पा त्यांचं नाव. कपाळावर विभूती, काळा कोट, नाकावर घसरलेला चष्मा. घरात कानडी बोलणारा माणूस, पण मराठी स्वच्छ, फक्त सूर तिकडचा. कुशाबाला त्यांनी समोर बसवलं आणि टेबलाचा खालचा खण ओढला. खण कागदांनी गच्च भरला होता. त्यातून त्यांनी बाबुरावांची चार पानं काढली.

"हे तुमचंच की?"

कुशाबाची पाचावर धारण बसली. "होय साहेब."

"मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं ठेवलं नाही मी अजून."

कुशाबाला आधी समजेचना. शिरस्तेदारांनी चष्मा काढून पुसला.

"चाळीस वर्षं झाली मला या खात्यात," ते म्हणाले. "रागात लिहिलेला कागद मला वासावरनं कळतो. असा कागद आला की मी या खणात ठेवतो. मग माणूस समोर आला की विचारतो, बाबा रे, अजून पाठवायचाय का हा? दहातले नऊजण नको म्हणतात. नियमात बसत नाही हे, मला ठाऊक आहे. पण नियम लिहिणाऱ्यालाही कधीतरी राग आलाच असेल की."

"सगळे आमच्या बाजूचेच हो कागद?" कुशाबाने भीत भीत विचारलं.

"छे! निम्मे कानडीत आहेत. तुमच्या बाजूला राहिलेली गावं आमची, म्हणून लिहितात. मजकूर हाच. फक्त सह्या इतक्या नसतात." त्यांनी शेवटचं पान उलटलं. "एकतीस. या सह्या मी दोनदा वाचल्या. माझ्या एका लायसनसाठी एकतीस माणसं उभी राहतील का, याचा विचार करत बसलो होतो."

मग ते पत्र त्यांनी दोघांच्या मधोमध ठेवलं. "निपाणी कुणाची, ते वरची माणसं ठरवतील. भांडा, हक्क आहे तुमचा. पण शाळेसमोरनं गाडी जोरात नेली का, एवढंच आज इथं विचारतील. बोला, हे फायलीला लावू?"

कुशाबाच्या डोळ्यांपुढे चाळ आली, बाबुरावांचा कपाळावरचा चष्मा आला, राधाबाईंचा निळा अंगठा आला. आणि त्या हवालदाराने सांगितलेली शाळेतली पोरंही आली, जी त्या दिवशी नेमकी पाच मिनिटं उशिरा सुटली म्हणून बरं. त्याने हात पुढे केला.

"द्या साहेब परत. गाडी मी जोरात नेली होती."

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे पाच मिनिटांत निकाल लागला. "एवढ्या जोरात का चालवली?" साहेबांनी विचारलं. खोटं सुचत होतं, बाई आजारी होत्या म्हणून सांगावं. पण कुशाबा म्हणाला, "नवीन पाटीचा राग आला, साहेब." कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी कागदावरून नजर वर केली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला राग आला तर गाडी कडेला लावा, मनसोक्त रागवा, मग निघा." मुंबईहून स्वतः चालून आला, पहिलाच गुन्हा, म्हणून थोडा दंड. लायसनवर शेरा नाही.

लायसन हातात देताना शिरस्तेदारांनी विचारलं, "जेवलात?" कुशाबाने गाठोडं सोडलं. व्हरांड्यात बसून दोघांनी अंबिकाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी खाल्ली. उठताना त्याने वाकून त्यांचे पाय धरले. "तुमचे उपकार मी कसे फेडू, साहेब?" शिरस्तेदार गडबडून म्हणाले, "शाळेसमोर हळू चालवा. झालं."

चाळीत परतल्यावर मात्र खरी परीक्षा होती. बाबुराव जिन्यातच उभे. "काय रे, कुठे होतास? कोर्टाचं उत्तर आलं?"

कुशाबाने चार पानं त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. खण सांगितला, कानडीतले कागद सांगितले, कबुलीही सांगितली. जिन्यात हळूहळू गर्दी जमली. बाबुरावांनी आपलंच पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "भाषा चांगली होती," एवढंच म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढचे दोन आठवडे ते कुशाबाशी बोलले नाहीत. कुशाबाला वाटलं, गेलं हे माणूस हातचं.

बेस्टची परीक्षा झाली आणि कुशाबा पास झाला. अंबिकाने चाळभर पेढे वाटले. राजलक्ष्मीबाईंनी त्याच्यासाठी विणलेला स्वेटर पाठवला, मुंबईत स्वेटर कोण घालतो ते विचारू नका. संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात बाबुराव, हातात दौत आणि टाक.

"त्या चन्नबसप्पांना कळवायला नको का पास झालास ते?" ते जरा घुश्शातच म्हणाले. "की उपकार विसरलास?"

कुशाबाने त्यांच्यापुढे पाट सरकवला. बाबुरावांनी एक पान लिहिलं. एकच. त्यात कायदा नव्हता, तत्त्व नव्हतं. आमच्या माणसाचं घर आपण वाचवलंत, आम्ही सगळे आपले ऋणी आहोत, एवढंच. मग कागद चाळीत फिरला. एकतीस सह्या झाल्या, राधाबाईंनी अंगठा दिला तो या वेळी हात धुवायचीही वाट न बघता, पिठाच्याच हाताने.

पाकिटावर पत्ता लिहायची वेळ आली. शिरस्तेदारांचं नाव झालं, कोर्ट झालं, तालुका झाला, जिल्हा बेळगाव झाला. आणि बाबुरावांचा टाक थांबला.

"राहू द्या बाबुराव," कुशाबा हळूच म्हणाला. "जिल्ह्यापर्यंत लिहिलंत तरी पोचेल."

"आणि नाही पोचलं तर?" बाबुराव म्हणाले. "भांडणाचं पत्र हरवलं तर चालतं रे. हे हरवता कामा नये."

त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, म्हैसूर राज्य. शाई वाळेपर्यंत ते बघत राहिले. मग उठले, जिन्यापाशी गेले, खिशातून एक आणा काढला आणि डालड्याच्या डब्यात टाकला.