नळीतलं औषध

आकाराम बारा वर्षं फौंड्रीत भट्टीपुढं काम करत होता. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं; भट्टीच्या धगीनं त्याचे शुक्राणू कमजोर झालेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात दोनदा त्याचं वीर्य धुऊन, त्यातले चांगले शुक्राणू निवडून बायकोच्या, क्रांतीच्या, गर्भाशयात सोडले होते. दोन्ही वेळा धुण्यातच बरेचसे मेले.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून लॅबमधल्या रशिदानं धुण्याच्या द्रावणात अँटिऑक्सिडंट, म्हणजे धुताना शुक्राणूंना जपणारं औषध, घातलं. मग एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शंभरातले चाळीस पळत होते. मागच्या खेपेला बारा होते.

तिनं बाहेर येऊन आनंदानं आकारामला सांगितलं.

"म्हंजे मी बरा झालो की," तो म्हणाला.

"तसं नाही. औषध नळीत घातलंय, तुमच्यात काही बदललेलं नाही. धुण्याआधीचा आकडा वर लिहिलाय, तो कमीच आहे."

"पर खाली चाळीस हाय न्हवं?"

"आहे."

त्यानं रिपोर्टच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाचा फोटो काढला.

त्याच दिवशी ते शुक्राणू क्रांतीच्या गर्भाशयात सोडले. पंधरा दिवसांनी तिला पाळी आली.

महिन्यानं ती एकटीच दवाखान्यात आली. तिनं रशिदाला सांगितलं, सासू तानाबाई तो फोटो भावकीत दाखवत फिरत होती. 'माझ्या लेकात दोष न्हाय, डॉक्टरनंच लिवून दिलंय,' म्हणत होती. त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघणंही सुरू झालं होतं.

"आणि ते काय म्हणतात?" रशिदानं विचारलं.

"काय न्हाय. खाली मान घालून जेवत्यात."

रशिदानं तिन्ही वेळचे पूर्ण रिपोर्ट छापले, डॉक्टरांची सही घेतली आणि तिच्या हातात दिले.

चार दिवसांनी क्रांतीचा फोन आला, उचगावहून, माहेरातून. तिनं कागद सगळ्यांपुढं ठेवले होते. तानाबाईनं ते बघितलेच नाहीत. आकारामनं वरचे कमी आकडे बघितले, आणि तो म्हणाला, "तवा मला ताप हुता."

"ताप न्हवता, ताई. तिन्ही दिवशी मीच डबा करून दिलता, कामावर गेलते." मग तिनं विचारलं, "खरं सांगा, माझ्यातच काय असंल का?"

रशिदाला तिची फाईल पाठ होती, तरी तिनं ती पुन्हा उघडली आणि एकेक तपासणी वाचून दाखवली. सगळं नीट होतं.

 पलीकडून कुणीतरी तिला जेवायला हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.