जादाची फरशी

मित्रांनो, मी एक जुनी फरशी आहे; पण माझ्यावरून आजवर एकही चाक गेलेले नाही. नाशिकमधल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये मी सहा वर्षे भिंतीला टेकून उभी होते.

आमची निवड मात्र थाटात झाली. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सावळीरामांनी मुलाच्या, ज्ञानेशच्या, नव्या गाडीसाठी हे गॅरेज बांधले. दुकानात ज्ञानेशला चकचकीत फरशी आवडली. सावळीरामांनी तांब्याभर पाणी मागून तिच्यावर ओतले आणि चप्पल घासून पाहिली. चप्पल सर्रकन घसरली. मग आम्हा करड्या, खरखरीत बहिणींची पाळी आली. आम्ही चप्पल जागची हलू दिली नाही!

"गाडीखाली हीच पाहिजे," ते म्हणाले.

"हिच्यावर झाडू कसा फिरायचा?" त्यांच्या पत्नी झुंबरबाई कुरकुरल्या. मी मनात म्हटले, फिरेल हो, सवयीने.

कळवणच्या भिकन मिस्त्रींनी दोरी लावून, फाटकाकडे उतार देऊन एकेक बहीण सिमेंटात बसवली. शेवटी मी एकटी उरले. "ही जादाची. एखादी फुटली तर लागेल," म्हणत त्यांनी मला कोपऱ्यात उभे केले. जाताना बजावले, "सात दिवस काय बी आदळू नका. माल कच्चा हाय."

पण चौथ्याच दिवशी दसरा. गाडीची पूजा टळते का कुठे? गाडी फाटकातच उभी केली, चाकांखाली लिंबे ठेवली. नारळ मात्र ज्ञानेशने नव्या फरशीवर आपटला. मधली बहीण तडकली.

भिकन मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "कच्च्या मालावर नारळ फोडला व्हय! आता उचकटली तर शेजारच्या हलतील. पक्कं होऊ द्या, मग बदलू."

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. माझी जागा ठरली होती. पण ज्ञानेशला पुण्यात नोकरी लागली आणि गाडी त्याच्याबरोबर गेली. "पुढच्या वेळी आलो की बदलू," असे तो दरवेळी म्हणायचा. तेवढ्यात आमचे डिझाइन बंद झाल्याचे कळले. मग सावळीरामांनी मला पोत्यात गुंडाळले. मला जपून ठेवले आणि विसरले.

बहिणींवर रोज झाडू फिरे. माझ्या वाट्याला धूळ आणि एक पाल. संध्याकाळी झुंबरबाई रिकाम्या गॅरेजच्या पायरीवर मेथी निवडत फाटकाकडे बघत बसायच्या. पोत्याच्या फटीतून मीही तिकडेच बघायचे. त्यांना ते ठाऊक नव्हते.

या दसऱ्याला ज्ञानेश येणार होता. झुंबरबाईंनी सकाळीच रांगोळी काढली, चार लिंबे काढून ठेवली. अकरा वाजता फोन आला.

"सुट्टी नाही मिळाली? बरं बाळा. जेवून घे वेळेवर." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि दोन लिंबे परत घरात नेली.

सावळीरामांनी आपली जुनी स्कूटर पुसून आत आणली. नारळ उचलला, तसा झुंबरबाईंनी हात धरला. "फरशीवर नको, मागच्यासारखं व्हायचं. ती जादाची आणा."

"ती शेवटची आहे. ज्ञानेश आला की बसवायची."

"कधी येतोय तो? आणा."

सहा वर्षांनी मी जमिनीवर आडवी झाले. नारळ फुटला आणि माझा एक कोपरा उडाला. अंगावरून गोड पाणी वाहिले, हळदकुंकू लागले. कोपरा गेलेली फरशी कुणाच्याच जागी बसत नाही, हे मला त्याच क्षणी कळले. तरी सांगते, इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, घरात कुणालाही जादाचे म्हणून कोपऱ्यात उभे करू नका. वस्तू असो की माणूस, जपायचे असेल तर रोज हात लावा, जवळ बसा. आणि दूर गेलात, तर काही फुटायची वाट न पाहता घरी या.

त्या दिवशी दोघांनी खोबऱ्याचा एकेक तुकडा खाल्ला. ज्ञानेशचा तुकडा माझ्यावर ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. मग मुंग्या आल्या.