पाहुण्यांचा गिलास

आमच्या ह्यांना सात वर्षांत एकही थंड पेय पसंत पडलं नाही. पिंपरीला कारखान्याच्या फाटकासमोर मिळायचं ते साखरेचं पाणी, आणि माझ्या माहेरचं, चिपळूणचं कोकम म्हणजे औषध. मी लिंबाचं सरबत केलं तर, "बरं आहे, पण लाखांदूरच्या टिकारामकाकांचा गोटीसोडा..." इथवर गाडी आली की मी उठून पोळ्या लाटायला घ्यायची.

तो सोडा प्यायचा कसा, हे ते जेवताना तांब्या हातात धरून दाखवायचे. बाटलीच्या गळ्याला दोन खळग्या असतात. त्या खालच्या अंगाला ठेवायच्या, म्हणजे गोटी तिथेच अडकून बसते. त्या वरच्या अंगाला गेल्या की गोटी तोंडाशी येते आणि वाट बंद. "ज्याला बाटलीने पिता येत नाही, त्याला काका गिलासात ओतून देतात. गिलास फक्त पाहुण्यांना," हे सांगताना चेहरा असा व्हायचा, जणू गिलास म्हणजे गावातून हद्दपारी.

सासूसासरे आमच्या लग्नाआधीच भिलाईला थोरल्या दिरांकडे राहायला गेले होते, त्यामुळे ह्यांच्या गावी, लाखांदूरला, जायचं निमित्तच उरलं नव्हतं. १९८२च्या उन्हाळ्यात चुलतदिराचं लग्न निघालं, तेव्हा एकदाचे गेलो. नागपूर मागे पडलं तसं ह्यांचं 'मला' जाऊन 'मले' आलं. धानाच्या कोरड्या बांध्या, म्हणजे आमच्याकडची भातखाचरं, दिसायला लागल्यावर तर खिडकी सोडेनात.

"पाहशीन तू, काका मले पाहताच नाव घेऊन हाक मारतात का नाही!"

एसटी स्टँडवर सोड्याच्या गाडीमागे टिकारामकाका होते. मिशा पिकलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, "बसा" म्हणाले, आणि अंगठ्याने गोटी दाबून दोन बाटल्या फोडल्या.

ह्यांनी घाईघाईने बाटली तोंडाला लावली. गोटी टक्कन तोंडाशी. थेंब आला नाही. बाटली फिरवली, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा सोडा शर्टावर सांडला.

"बाटल्या बदलवल्या काहून, काका?"

"बाटल्या त्याच हायेत, पाव्हने." काकांनी ह्यांच्या हातातली बाटली घेतली आणि उरलेला सोडा गिलासात ओतला. "घ्या. शहरातल्या मानसायले नाही जमत."

मला हसू फुटत होतं, ते दाबायला मी माझी बाटली उचलली. खळग्या खाली. एका दमात संपवली. खरं सांगते, आमच्या कोकमापुढे काहीच नाही. तसं ऐकवायचं म्हणून वळले, तर हे गिलास दोन्ही हातांत धरून नुसते बसलेले. मला फार वाईट वाटलं.

"बाई, तुमी तं इकडच्याच दिसता," काका म्हणाले. "कोन्या गावच्या?"

"लाखांदूरची," मी म्हटलं. "सुखरामजींची धाकटी सून. ह्यांनीच शिकवलं मला, पिंपरीला, पाण्याच्या तांब्यावर."

काकांनी ह्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हातातला गिलास काढून घेतला आणि सोडा रस्त्यावर भिरकावला.

"सुखरामजीचा इश्वर होय? मंग गिलास कायले घेतला रे?"

त्यांनी नवी बाटली फोडून ह्यांच्या हातात दिली. ह्यांचे डोळे भरून आले होते, बाटली नीट दिसत नसावी. मी हळूच म्हटलं, "खळग्या खाली."